सूरश्री केसरबाई केरकर : ताऱ्यांकडे निघालेला आवाज



यंदाच्या विज्ञान प्रदर्शनीत कक्षा आठवीच्या दोन विद्यार्थिनींनी पुठ्ठ्याचा एक लहानसा डबा मांडला होता. डब्यावर दोन बटणे. लाल बटण दाबून बोलायचे आणि हिरवे बटण दाबून ऐकायचे. आत बोटाच्या पेराएवढी व्हॉइस चिप, एक बारका मायक्रोफोन, एक स्पीकर आणि सेल, एवढेच सामान होते. त्यात एका मुलीने आपल्या आजीचे भुलाबाईचे गाणे भरून आणले होते. गाणे कसले, जेमतेम दहा सेकंदांचा तुकडा. पण त्या टेबलाजवळची गर्दी हटता हटेना. प्रदर्शनीत याहून मोठी, रंगीत, फिरती मॉडेल्स होती. तरी आलेल्या आया-मावश्या तेथेच थांबत आणि हिरवे बटण पुन्हा पुन्हा दाबत.

दुसऱ्या दिवशी गोंधळ झाला. कोणा लहान मुलाने चुकून लाल बटण दाबले. आजीचे गाणे पुसले गेले आणि त्या जागी मुलांचा गलका भरला गेला. ती विद्यार्थिनी रडवेली झाली. सुदैवाने आजी घरी खुशाल आहेत. त्यांनी संध्याकाळी हसत हसत पुन्हा गाऊन दिले. मात्र सहावीच्या एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, की आजी नसत्या तर काय केले असते? आम्ही त्याला तेथे नीट उत्तर देऊ शकलो नाही. मुखपत्रात देऊ, असे सांगून वेळ मारून नेली.

म्हणून या अंकात आम्ही एका थोर गायिकेचे चरित्र सांगत आहोत. आवाज साठवून ठेवण्याला त्या फारशा राजी नसत. तरीही त्यांचा आवाज माणसाने बनविलेल्या सर्वांत दूरच्या वस्तूवर बसून आज ताऱ्यांच्या दिशेने चालला आहे. त्या म्हणजे गोव्याच्या सूरश्री केसरबाई केरकर.

आवाज साठतो कसा?

चरित्राकडे वळण्यापूर्वी थोडे विज्ञान पाहू. आपण बोलतो तेव्हा हवा थरथरते. ही थरथर मायक्रोफोनच्या पातळ पडद्यावर आदळते आणि तिचे वीजप्रवाहाच्या चढउतारात रूपांतर होते. व्हॉइस चिप हा चढउतार एका सेकंदात साधारण ८,००० वेळा मोजते आणि प्रत्येक मोजमाप आपल्या एकेका घरात ठेवते. काही चिपा ते मोजमाप आकड्याच्या रूपात लिहितात, तर काही चिपा त्या क्षणीचा विद्युतभारच घरात कोंडून ठेवतात. या घराभोवती काचेच्याच जातीच्या पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. त्यातून भार सहजी बाहेर पडत नाही. त्यामुळे सेल काढून घेतले तरी गाणे जात नाही. हिरवे बटण दाबले, की चिप तीच मोजमापे त्याच क्रमाने परत वाचते, स्पीकरचा पडदा थरथरतो आणि आजी गाऊ लागतात.

विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. दहा सेकंदांच्या गाण्यासाठी ८०,००० मोजमापे लागतात. साडेतीन मिनिटांच्या गाण्यासाठी २१० गुणिले ८,०००, म्हणजे १६,८०,००० मोजमापे लागतील. हा साडेतीन मिनिटांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

अशा काही चिपांच्या माहितीपत्रकात निरोप शंभर वर्षे टिकेल असे छापलेले असते. ते खरे असेलही. पण लाल बटण दाबणारा हात शंभर वर्षे थांबत नाही, हे आपण प्रदर्शनीत पाहिलेच.

चिपेच्या पुष्कळ आधी हेच काम तबकडीने केले. अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी १८७७ साली फोनोग्राफ बनविला. त्यात कथिलाच्या पातळ पत्र्यावर सुईने आवाजाच्या खाचा उमटत. दहा वर्षांनी एमिल बर्लिनर यांनी चपटी तबकडी आणली आणि ग्रामोफोन जन्मला. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीची माणसे कलकत्त्याला आली आणि आपल्या देशातील गायक-गायिकांचे आवाज तबकड्यांवर उतरू लागले. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. त्या तबकड्या बनत त्यात लाख मिसळलेली असे. आपल्या भागात पळस आणि बोर यांना तोटा नाही. याच झाडांवर लाखेचा किडा वाढतो. म्हणजे त्या काळी दिल्ली-मुंबईत वाजणाऱ्या गाण्यामागे आपल्यासारख्याच रानातील झाडांवरची लाख होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

केरी ते मुंबई

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यातील फोंडा तालुक्यात केरी या गावी झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. देवळातील गायन-वादनाच्या सेवेशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेल्या कलावंत समाजात त्या जन्मल्या. गाणे त्यांच्या कानी लहानपणापासून होते. पण या समाजातील स्त्रियांच्या कलेला लोक दाद देत आणि त्यांना स्वतःला मात्र बरोबरीचा मान देत नसत. ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण केसरबाईंच्या पुढच्या आयुष्यातील करारीपणा त्याशिवाय समजत नाही.

आठव्या वर्षी त्यांना कोल्हापूरला नेण्यात आले. तेथे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्याकडे त्यांनी सुमारे आठ महिने तालीम घेतली. मग गोव्यात परत आल्या. तेथे पं. रामकृष्णबुवा वझे येत, तेव्हा तेव्हा त्यांच्याकडे शिकत राहिल्या. वयाच्या सोळाव्या वर्षी आई व मामा यांच्याबरोबर त्या मुंबईस आल्या. शेठ विठ्ठलदास द्वारकादास या धनिकाच्या मदतीने सतारवादक बरकतुल्ला खाँ यांच्याकडे शिक्षण सुरू झाले. पण खाँसाहेब दरबारी कलावंत. ते मुंबईस असत तेव्हाच शिकवणे, एरवी खंड. ते म्हैसूर दरबारी गेल्यावर काही काळ पं. भास्करबुवा बखले यांची व पुन्हा वझेबुवांची तालीम मिळाली.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांची शाळा दोन-तीन वेळा बदलली असेल, त्यांना हा त्रास कळेल. एका गुरूने लावलेली गोडी, दुसऱ्याची वेगळी रीत, तिसऱ्याकडे पुन्हा पहिल्यापासून आरंभ. केसरबाईंनी अशी जवळजवळ वीस वर्षे काढली. एव्हाना त्या गाऊ शकत होत्या, लोक ऐकतही होते. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तर एवढे पुरे म्हणून थांबले असते.

पुन्हा श्रीगणेशा

१९२१ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, केसरबाई उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या शिष्या झाल्या. खाँसाहेब मूळ राजस्थानकडचे. पुढे छत्रपती शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारात आले. तरुणपणी अति गाण्यामुळे त्यांचा मूळचा आवाज बसला. तेव्हा खचून न जाता, उरलेल्या आवाजाला साजेल अशी नवी गायकी त्यांनी स्वतः घडविली. तीच जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणून ओळखली गेली. मोकळा आकार, लांब दमसास, लयीला घट्ट धरून पेचदार गुंफलेली स्वरांची वळणे आणि सहसा ऐकू न येणारे अनवट राग ही तिची ओळख होय.

अशा गुरूपुढे केसरबाईंनी आधी शिकलेले बाजूला ठेवले आणि पुन्हा पहिल्या स्वरापासून सुरुवात केली. सुमारे अकरा वर्षे कठोर तालीम झाली. वही नाही, पुस्तक नाही, यंत्र नाही. गुरूने गायचे, शिष्याने ऐकायचे आणि तसेच उमटेपर्यंत म्हणत राहायचे. एकच पलटा शेकडो वेळा घोटायचा. आजच्या भाषेत सांगायचे तर शिष्याचा गळा हीच गुरूची चिप. फरक एवढाच, की चिपेला एक बटण दाबले की पुरते, गळ्याला वर्षे द्यावी लागतात. आणि चिप जसेच्या तसे परत देते, गळा त्यात स्वतःचे काही मिसळून देतो.

येथे आम्हाला स्वतःचे थोडे सांगावेसे वाटते. आमचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. घरी आई, आजी, शेजारच्या काकू बोलत ती ऐकून शिकलो. आजही व्याकरणात कोठे अडलो, तर आई हे कसे म्हणाली असती ते आठवून पाहतो. म्हणून ऐकून शिकलेली विद्या कमी दर्जाची, असे आम्हास कधी वाटले नाही. केसरबाईंची सर्व विद्या कानानेच आलेली होती.

१९३०च्या सुमारास त्या व्यावसायिक मैफली करू लागल्या. नाव झाले, पैसा आला. पण तालीम सुटली नाही. खाँसाहेबांची प्रकृती खालावत गेली तरी १९४६ साली त्यांच्या निधनापर्यंत केसरबाई त्यांच्याकडून शिकत राहिल्या. म्हणजे चोपन्नाव्या वर्षापर्यंत त्या शिष्या होत्या. दहावीचा निकाल लागताच पुस्तके रद्दीत घालणाऱ्या आमच्या काही लाडक्या विद्यार्थ्यांनी हे दोनदा वाचावे.

मान आणि बाणा

केसरबाईंचे गाणे भारदस्त होते. तीनही सप्तकांत सारख्या वजनाने फिरणारा खुला आवाज आणि न तुटणारा श्वास यांची ख्याती देशभर पसरली. राजेरजवाड्यांच्या दरबारांपासून मोठ्या संगीत परिषदांपर्यंत त्यांना मानाने बोलावले जाई. रवींद्रनाथ ठाकूर हे त्यांच्या गाण्याचे चाहते होते. १९४८ साली कलकत्त्याच्या एका संगीत संस्थेने त्यांना 'सूरश्री' ही पदवी दिली आणि ती त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. १९६९ साली भारत सरकारने पद्मभूषण दिले आणि महाराष्ट्र शासनाने त्यांना राज्य गायिका म्हणून गौरविले.

स्वभावाने त्या कडक होत्या. मैफलीत बेशिस्त त्यांना खपत नसे. आपल्या कलेची किंमत त्या जाणून होत्या आणि ती स्पष्ट सांगत. एखाद्या पुरुष कलावंताने असे केले असते तर लोकांनी त्यास बाणेदार म्हटले असते. केसरबाईंना मात्र पुष्कळांनी गर्विष्ठ म्हटले. ज्या समाजाने त्यांच्या आधीच्या पिढ्यांची कला फुकटात वापरली, त्याच समाजाकडून त्यांनी ताठ मानेने मान वसूल केला, असे आम्हास वाटते.

वय झाल्यावर, आवाजाची ताकद पूर्वीसारखी राहिली नाही हे इतरांच्या आधी त्यांच्या स्वतःच्या ध्यानी आले. साठच्या दशकाच्या आरंभी त्यांनी जाहीर गाणे थांबविले. टाळ्या मिळत असताना थांबणे फार थोड्यांना जमते.

तबकडीशी भांडण

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ध्वनिमुद्रणाबद्दल केसरबाई नाखूश असत. एच.एम.व्ही. आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी त्यांनी काही रेकॉर्ड दिल्या. ललित, गौड मल्हार, नट कामोद, मालकंस अशा रागांच्या त्या जुन्या रेकॉर्ड आजही रसिक जपून ऐकतात. पण एवढ्या मोठ्या कारकिर्दीच्या मानाने त्या फारच थोड्या आहेत.

हे असे का? त्या काळच्या पुष्कळ थोर कलावंतांची हीच भूमिका होती आणि तिला कारणे होती. जो राग उलगडायला तास लागतो, तो तीन मिनिटांत कोंबायचा कसा? समोर श्रोता नाही, दाद नाही, फक्त एक यंत्र, तेथे गाणे फुलायचे कसे? शिवाय दहा-वीस वर्षे खपून मिळविलेली चीज कोणीही रेकॉर्ड विकत घेऊन घरबसल्या उचलणार, मग गुरूपुढे बसण्याची कोणास गरज राहील? या शंका हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. आज एखाद्याचे गाणे वा बोलणे त्याला न विचारता मोबाइलवर घेतले जाते आणि तासाभरात गावभर होते. तेव्हा केसरबाईंची भीती आपल्याला अधिकच कळायला हवी.

पण नाण्याची दुसरी बाजूही पाहावी लागेल. केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँ यांनी आपले गाणे कधीच ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही. एवढा मोठा माणूस, एका घराण्याचा आद्य पुरुष, आणि त्यांचा आवाज कसा होता हे आज जगात कोणीही ऐकू शकत नाही. त्यांची गायकी शिष्यांच्या गळ्यातून आली, हे खरे. पण तो मूळ आवाज गेला तो गेलाच.

गुरूंचे एक मिनिटही उरले नाही. शिष्येने मनाविरुद्ध का होईना, थोडे दिले. आणि त्या थोड्यातूनच एक अघटित घडले.

साडेतीन मिनिटे

१९७७ साली अमेरिकेची अंतराळ संस्था नासा दोन याने सोडण्याच्या तयारीत होती, व्हॉयेजर १ आणि व्हॉयेजर २. गुरू, शनी यांच्याजवळून जाऊन ही याने पुढे सूर्यमालेबाहेर निघून जाणार होती आणि कधीच परत येणार नव्हती. कोट्यवधी वर्षांनी कोणा परक्या बुद्धिमान जीवाच्या हाती लागलीच, तर त्यास पृथ्वीची ओळख पटावी म्हणून प्रत्येक यानावर एक तबकडी बसवावी असे ठरले. शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या नेतृत्वाखाली एका समितीने त्यावरील मजकूर निवडला.

ही तबकडी तांब्याची, वर सोन्याचा मुलामा दिलेली, बारा इंच व्यासाची आहे. तीवर पाऊस, पाखरे, लहान मूल यांचे आवाज आहेत. ५५ भाषांतील अभिवादने आहेत आणि त्यांत आपली मराठीही आहे, हे येथे अभिमानाने नमूद करतो. ११५ चित्रेसुद्धा खाचांच्याच रूपात कोरलेली आहेत. आणि सुमारे दीड तासाचे जगभरातील संगीत आहे, एकूण २७ रचना. बाख आणि बीथोवन यांच्या पंगतीत भारतातून एकच रचना निवडली गेली. ती म्हणजे केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी, 'जात कहाँ हो'. लांबी सुमारे साडेतीन मिनिटे. विद्यार्थ्यांनी वर केलेला हिशेब आठवावा.

रॉबर्ट ब्राऊन या संगीत अभ्यासकांनी या रेकॉर्डची शिफारस केली होती. पण ती बाजारात मिळत नव्हती. शोधता शोधता न्यूयॉर्क शहरात एका भारतीय कुटुंबाच्या छोट्या दुकानात, टेबलाखाली पडलेल्या खोक्यात तिच्या काही प्रती सापडल्या. समितीतील अॅन ड्रूयन यांनी त्या शोधून आणल्या. मित्रांनो, जरा विचार करा. दुकानदाराने जुने सामान म्हणून ते खोके टाकून दिले असते तर? ताऱ्यांकडे जाणारे गाणे एका धूळ खात पडलेल्या खोक्यावर अवलंबून होते.

व्हॉयेजर २ हे यान २० ऑगस्ट १९७७ रोजी निघाले. व्हॉयेजर १ निघाले ५ सप्टेंबर १९७७ रोजी, म्हणजे आपल्या शिक्षक दिनी. ज्या बाईंनी चोपन्नाव्या वर्षापर्यंत गुरूचे शिष्यपण सोडले नाही, त्यांच्या आवाजाला प्रस्थानासाठी हाच दिवस मिळावा, हा योगायोग आम्हाला फार मोलाचा वाटतो. त्यानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई मुंबईत निवर्तल्या. वय ८५ वर्षांचे होते. आपल्याकडे मैफलीची सांगता भैरवीने करण्याची प्रथा आहे.

पुढे २०१२ साली व्हॉयेजर १ सूर्याच्या वाऱ्याच्या प्रभावाबाहेर पडले आणि २०१८ साली व्हॉयेजर २. व्हॉयेजर १ हे आज पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरपेक्षा अधिक दूर आहे आणि दर सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर पुढे जात आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्या संगणकाच्या स्मरणातील एक चिप बिघडली आणि यानाकडून येणारी माहिती निरर्थक होऊ लागली. शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरून आज्ञा पाठवून चिपेतील मजकूर दुसरीकडे हलविला आणि एप्रिल २०२४ मध्ये यानाकडून समजण्याजोगी माहिती पुन्हा येऊ लागली. चिप बिघडते, दुरुस्त होते, एक दिवस कायमची बंद पडेल. यानाची वीजही संपेल. पण खाचांत कोरलेली ती भैरवी तशीच राहील. अंतराळात ती तबकडी शंभर कोटी वर्षे टिकावी असा अंदाज आहे. सोबत सुई दिलेली आहे आणि वेष्टणावर वाजविण्याची रीत चित्रांनी कोरलेली आहे.

आवाज साठवणे केवळ अर्धे काम आहे, हे त्या शास्त्रज्ञांना ठाऊक होते. तो परत कसा वाजवायचा, हेही पुढच्याला कळले पाहिजे. नाही तर सोन्याची तबकडी ही नुसती सोन्याची थाळी.

आपले काय?

आमच्या घरी एक कॅसेट होती. आमच्या आईने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, त्या आम्ही तरुणपणी हौसेने टेप केल्या होत्या. पुढे नोकरी, बदल्या, संसार. कॅसेट कपाटात राहिली. एकदा घरी एका कार्यक्रमाची गाणी टेप करायला रिकामी कॅसेट सापडेना, म्हणून आम्हीच घाईत, वर काय लिहिले आहे ते न पाहता, तीच लावली. आई त्यानंतर वर्षभरात गेली. तेराव्या दिवशी बहिणीने ती कॅसेट मागितली. आम्ही काय उत्तर दिले असेल, ते लिहवत नाही. सहावीच्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आम्ही प्रदर्शनीत का अडखळलो, हे आता पालकांच्या ध्यानी येईल.

पांढुर्णा आणि सौंसर हा आपला भाग. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली, नागपूर तिकडे गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. राज्याची भाषा हिंदी, घरची भाषा मराठी, आणि ती मराठीही पुण्याच्या पुस्तकातली नव्हे, आपली स्वतःची. पोळ्याच्या झडत्या, भुलाबाईची गाणी, कापूस वेचताना आणि संत्र्याच्या बागेत चालणाऱ्या गप्पा, आजीच्या म्हणी. यातले फार थोडे कोठे लिहिलेले आहे. हे जिच्या ओठी आहे ती पिढी आता सत्तरी-ऐंशीची आहे. आमचे विद्यार्थी घरी आजीला हिंदीत उत्तर देतात, हे आम्ही जाणतो. त्यात त्यांचा दोष नाही. पण आजीचे बोलणे त्यांच्या कानी पडलेच नाही, तर तो दोष आपणा मोठ्यांचा.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही एक नम्र सूचना ठेवत आहोत. शाळेत एक ध्वनिसंग्रह असावा. मोठा खर्च नको. मोबाइल प्रत्येक घरी आहे. कक्षा सहावी ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुटीत घरातील वा शेजारच्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीचा दहा मिनिटांचा आवाज भरून आणावा. गाणे, झडती, गोष्ट, जुन्या पुराची वा दुष्काळाची आठवण, काहीही चालेल.

चार नियम मात्र पाळायचे आहेत. पहिला, आधी विचारायचे. आजोबा नको म्हणाले तर नको. केसरबाईंचा नकार जसा मानाचा होता, तसाच त्यांचाही. आणि भरलेला आवाज त्यांच्या परवानगीवाचून कोणास पाठवायचा नाही. दुसरा, सुरुवातीस नाव, गाव आणि तारीख बोलून घ्यायची, नाही तर वीस वर्षांनी कोणाचा आवाज ते कळणार नाही. तिसरा, एकाच ठिकाणी ठेवायचे नाही. एक प्रत घरी, एक शाळेत आणि एक आणखी कोठे तरी. चौथा, दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवून घ्यायचे. आमच्या पिढीच्या कॅसेटी वाजवायला आज घरात टेप सापडत नाही.

आणि पाचवी गोष्ट नियम नव्हे, विनंती आहे. नुसते भरून ठेवू नका. त्यातले एखादे गाणे स्वतः शिका. अल्लादिया खाँ यांचा आवाज यंत्रात नाही, तरी त्यांची गायकी उरली, कारण केसरबाईंसारख्यांनी ती गळ्यात उतरवून घेतली. केसरबाईंच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी यांनी ती त्यांच्याकडून घेतली आणि पुढे नेली. चिप आणि गळा, दोन्ही हवेत. यंत्र आवाज राखते, विद्या मात्र माणसांकडूनच माणसांकडे जाते.

केरी गावात केसरबाईंच्या नावाने आज शाळा आहे. गोव्यात त्यांच्या नावाने संगीत समारोह भरतो. आपणही त्यांना एका कृतीने वंदन करू या. आज संध्याकाळी घरी गेल्यावर, आजीजवळ पाच मिनिटे बसा. मोबाइल नंतर काढा. आधी ऐका.

सहावीच्या आमच्या त्या विद्यार्थ्याला उत्तर एवढेच, की बाळा, आजी नसत्या तर आपण काहीच करू शकलो नसतो. म्हणून त्या आहेत तोवर करू या.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य